शासनव्यवहाराची भाषा आणि सेवकाची उन्नती



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली त्या शाळेच्या सभागृहात, आणि ज्यांनी मला मराठी शिकवली त्या सरांच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी आज मी उभी आहे. हा मान माझ्या विद्वत्तेचा नसून वयाचा आहे, याची मला जाणीव आहे. सरांच्या हाताखाली शिकलेल्या पिढीतील फार थोडी माणसे आता वडोदऱ्यात उरली आहेत. त्यांच्यातील एक म्हणून आपण मला बोलावलेत, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानते.

विषय मात्र माझ्या निवडीचा नाही. माजी विद्यार्थी संघाचे चिटणीस माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, आपल्या शाळेतली पुष्कळ मुले राज्य सरकारात, महानगरपालिकेत, रेल्वेत, टपाल खात्यात आहेत. त्यांना संवादकौशल्य, नवे तंत्रज्ञान आणि नोकरीतील बढती यांविषयी काही ऐकायचे आहे." मी म्हणाले, "अहो, मी मराठीची निवृत्त प्राध्यापक. माझा प्रबंध अठराव्या शतकातील मोडी पत्रांच्या भाषेवर. मला यातले काय कळणार?" ते म्हणाले, "ती पत्रेही सरकारी नोकरांनीच लिहिली होती ना?" या उत्तरापुढे मला हो म्हणण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

म्हणून माझे सांगणे प्रारंभीच मांडते. शासनाची साधने बदलतात. बोरू जातो, टंकलेखनयंत्र येते, तेही जाते आणि संगणक येतो. पण प्रत्येक काम अखेर कुणीतरी लिहिलेल्या एखाद्या वाक्यापाशी येऊन थांबते. त्या वाक्याने कुणाला जमीन मिळते, कुणाला निवृत्तिवेतन मिळते, कुणाचा अर्ज परत जातो. ते वाक्य समजून, जबाबदारीने आणि समोरच्याला कळेल असे लिहिता येणे, ही मी सेवकाची खरी उन्नती समजते. हे मी फार उशिरा शिकले, आणि ज्याच्याकडून शिकले त्याची कथाही आज सांगणार आहे.

सरांपासूनच आरंभ करते. नववीच्या वर्गात दर शनिवारी ते आमच्याकडून एक अर्ज लिहून घेत. फळ्यावर तीनच प्रश्न असत : कोण सांगतो? काय मागतो? का द्यावे? या तिन्हींची उत्तरे पहिल्या चार ओळींत आली नाहीत, तर वही परत येई. त्यानंतर त्याच मजकुराची तार करायची. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून एकेक शब्द काढताना अर्थ कोठे तुटतो हे आम्हाला कळू लागे. देशातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. त्या बातमीच्या दिवशी मला पोस्टाची खिडकी आठवली नाही. सरांचा फळा आठवला.

त्या वयात आम्हाला तो व्यायाम रूक्ष वाटे. पुढे मोडी कागद वाचू लागले तेव्हा उलगडा झाला, की सर आम्हाला एका जुन्या विद्येचे पाठ देत होते. मोडीचा कारकून डोक्यावरची रेघ कागदभर आधी ओढून घेई आणि तिच्याखाली, हात शक्य तितका कमी उचलत, सलग लिहीत जाई. लिपीची ही वळणे वेगासाठी होती; राज्यकारभाराला वेग हवा होता. पण वेगाबरोबर विश्वासही हवा. म्हणून पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर जेथे संपतो तेथे लहानशी मुद्रा, म्हणजे मोर्तब. मोर्तबाच्या खाली कुणी एक शब्द वाढवला तरी तो उघडा पडे. आपण आजही 'शिक्कामोर्तब झाले' असे म्हणतो, त्यामागे ही दक्षता आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ज्या अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली, तिचे कामही हेच आहे. स्वाक्षरीनंतर मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती स्वाक्षरी जुळत नाही. आमच्या चिटणिसांना हे यंत्र दाखवले असते तर त्यांनी त्याचे कौतुक केले असते, पण त्याची गरज त्यांना समजावून सांगावी लागली नसती.

शब्दांचेही तसेच. शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. एका नव्या राज्याच्या आत्मविश्वासाची ती खूण होती. तरीही अर्ज, दफ्तर, तारीख, हुकूम, शिक्का हे शब्द आपल्या जिभेवर राहिलेच. फडणीस आणि चिटणीस ही तर आपल्या शेजाऱ्यांची आडनावे झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६२ साली पदनाम कोश निघाला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवले. पण त्या काळात कृत्रिम वाटणारे संचालक, अधीक्षक, जिल्हाधिकारी हे शब्द आज खेड्यातील माणूसही सहज उच्चारतो. कोशकार शब्द देऊ शकतो. तो चालतो की नाही हे खिडकीबाहेर उभा असलेला माणूस ठरवतो. सरकारी सेवकाने कोश जवळ ठेवावा, पण कान त्या माणसाकडे ठेवावा.

आता आपल्या नगरीकडे वळू. सरकारी सेवकांचे प्रशिक्षण ही कल्पना आज नवी म्हणून मांडली जाते. पण वडोदऱ्यात तिचा एक फार मोठा पाठ १८८१ साली झाला, आणि विद्यार्थी होते स्वतः महाराज. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा, शाळेचे तोंड न पाहिलेला बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन या गादीवर बसला. त्याला मराठी, गुजराती, इंग्रजी शिकवण्यात आली. आणि अठराव्या वर्षी राज्याची पूर्ण सूत्रे हाती येण्यापूर्वी दिवाण सर टी. माधवराव यांनी त्याच्यापुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली. 'मायनर हिंट्स' या नावाने ती प्रसिद्ध आहेत, आणि २०२२ साली राहुल सागर यांनी ती नव्याने संपादून अभ्यासकांपुढे आणली. प्रजेचे सुख हे राज्याचे प्रयोजन, हा त्यांचा पाया. राजालासुद्धा कारभार शिकावा लागतो, ही गोष्ट या शहराने पाहिलेली आहे. मग विभागीय परीक्षेचा कंटाळा करण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही राहत नाही.

तेच सयाजीराव महाराज पुढे बहुभाषी राज्य चालवू लागले. रयत मुख्यतः गुजराती, दरबारी व लष्करी मंडळींत मराठी माणसे पुष्कळ, वरिष्ठांशी पत्रव्यवहार इंग्रजीत. एका भाषेतील शब्द दुसरीत नेताना अर्थ सांडू नये म्हणून त्यांनी 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' हा कोश करविला; तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी प्रशासकीय शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू अशा अनेक भाषांतील प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. आपल्या भाषेला मान देण्यासाठी शेजारणीला घराबाहेर काढावे लागत नाही, हे तो कोश मुकाट्याने सांगतो.

परंतु याच शहराच्या इतिहासातील दुसरे पान आपण झाकून ठेवता कामा नये. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेले भीमराव आंबेडकर कोलंबिया आणि लंडन येथे शिकून १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. हिशेब खात्यात उमेदवार म्हणून त्यांची नेमणूक झाली. शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत राहिले, तर लोक काठ्या घेऊन दारात आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. काही दिवसांतच त्यांना हे शहर सोडावे लागले. त्या काळी त्यांच्याइतके शिकलेले माणूस त्या कचेरीत दुसरे कोण असणार? शिष्यवृत्ती देणारा राजा होता, पद होते, मेज होते, कागदही मेजावर पडत होता. पण तो हातात दिला जात नव्हता. त्या अन्यायाशी आपल्या दैनंदिन गैरसोयींची तुलना मी करणार नाही. ती करणे अनुचित होईल. पण सरकारी कचेरीतील 'संवाद' या विषयावर या गावात बोलणाऱ्याने सयाजीबागेतील त्या स्थळाला, आज ज्याला आपण संकल्पभूमी म्हणतो त्याला, वळसा घालून पुढे जाता येणार नाही. शेजारच्या मेजावरच्या माणसाला माणूस मानणे ही पहिली पायरी आहे. भाषा आणि यंत्र तिच्यानंतर येतात.

आता मी माझ्या घरातील गोष्ट सांगते.

माझे वडील १९४१ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत कारकून म्हणून लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. वडिलांचे मेज तेच राहिले; भोवतालचे राज्य दोनदा बदलले. ते घरी मराठी, कचेरीत गुजराती आणि वरच्या कचेरीशी इंग्रजी लिहीत. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. १९७८ साली ते हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि २००६ साली वारले.

त्यांचे नाव ज्ञानेश्वर. मुंबई राज्याच्या काळात त्यांचे नाव इंग्रजीत लिहिणाराने ते मराठी उच्चाराप्रमाणे, म्हणजे डी, एन, वाय ही अक्षरे घालून लिहिले. निवृत्तिवेतनाच्या हुकमावर तेच उतरले. मृत्यूचा दाखला मात्र गुजराती माणसाने लिहिला. गुजरातीत 'ज्ञ'चा उच्चार 'ग्न'कडे झुकतो, म्हणून त्याने जी आणि एन घातले. दोघांनीही आपापल्या कानाप्रमाणे अगदी बरोबर लिहिले होते. पण संगणकाच्या दृष्टीने ही दोन माणसे झाली : निवृत्तिवेतन घेणारा एक, आणि मेलेला दुसराच.

माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज तीनदा परत आला. पहिल्या वेळी शेरा होता : 'नावात तफावत.' दुसऱ्या वेळी : 'योग्य पुरावा जोडावा.' तिसऱ्या वेळी पुन्हा : 'नावात तफावत.' कोणता पुरावा योग्य, हे कुणी लिहिले नाही. सात महिने गेले. आईच्या पोटापाण्याचा प्रश्न नव्हता, मी मिळवती होते; पण तिच्या मानाचा प्रश्न होता. एके दिवशी ती मला म्हणाली, "माझं लग्न कोणाशी झालं होतं, ते आता या वयात मला सिद्ध करायला सांगतायत."

येथे मला एका अपराधाची कबुली द्यायची आहे. १९८३ च्या सुमारास माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. गिरणी कामगाराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. पुढे तो राज्य सरकारच्या नोकरीत लागला. १९८८ मध्ये तो माझ्या घरी आला. विभागीय परीक्षेत मसुदालेखनाच्या प्रश्नपत्रिकेत तो दोनदा नापास झाला होता. "बाई, टिपणी कशी लिहायची ते मला शिकवाल का?" असे त्याने विचारले. मी त्याला सांगितले, "ते काम टंकलेखनाच्या वर्गाचे आहे. मी साहित्य शिकवते." त्याच सुमारास आमच्या विभागात कार्यालयीन मराठीचा एक पेपर सुरू करण्याची सूचना आली होती, आणि तिला विरोध करणाऱ्यांत मी पुढे होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांच्या टिपणांवर प्रबंध लिहून मी डॉक्टर झाले होते. समोर उभ्या असलेल्या जिवंत कारकुनाला मात्र मी दारातून परत पाठवले. माझ्या उत्तरावर शेरा नव्हता एवढेच. पण त्यानेही अर्ज परतच गेला होता.

तो विद्यार्थी कचेरीतील एका वृद्ध गुजराती हेड क्लार्ककडून टिपणी लिहायला शिकला आणि परीक्षा उत्तीर्ण झाला. २००७ साली तो बढतीवर नेमक्या त्या कचेरीत आला, जेथे आईचा कागद पडून होता. आईचे नाव त्याने ओळखले नाही. त्याला कागद दिसला. त्याने गुजरातीत टिपणी लिहिली. ती पुढे मी पाहिली आणि तिचा आशय मला पाठ आहे. पहिल्या वाक्यात प्रश्न : मृत निवृत्तिवेतनधारक आणि दाखल्यातील मृत व्यक्ती एकच आहेत काय? दुसऱ्या वाक्यात कारण : 'ज्ञ' हे अक्षर मराठीत व गुजरातीत एकच असून त्याचा उच्चार दोन्हीकडे निराळा होतो, त्यामुळे इंग्रजीत ते दोन रीतींनी लिहिले जाते. तिसऱ्या वाक्यात पुरावा : सेवापुस्तिकेतील व मृत्यूच्या दाखल्यातील देशी लिपीतले नाव अक्षरशः एक आहे, जन्मतारीख व पत्ता जुळतात. चौथ्या वाक्यात प्रस्ताव : अर्जदाराचे एक प्रतिज्ञापत्र घेऊन मंजुरी देण्यास हरकत नसावी. खाली सही. आठवड्यात काम झाले.

बंधुभगिनींनो, भाषाविज्ञानावरचे अनेक लेख मी आयुष्यात वाचले आणि काही लिहिले. पण त्या विद्येने एका वृद्धेला तिचा नवरा परत मिळवून दिला, असा लेख मी तो एकच पाहिला. सरांचे तिन्ही प्रश्न त्यात होते. मी त्याला भेटून क्षमा मागितली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही वर्गात 'ज्ञ'चे तीन उच्चार सांगितले होते, मराठी, गुजराती आणि हिंदी. तेच उपयोगी पडले." म्हणजे मी जे नाकारले ते त्याने दुसरीकडून मिळवले, आणि जे नकळत दिले गेले त्याचे त्याने सोने केले.

आता तंत्रज्ञानाविषयी. मी यंत्राची विरोधक नाही. गुजरातेत २००३ च्या एप्रिलमध्ये 'स्वागत' ही तक्रारनिवारणाची व्यवस्था सुरू झाली आणि सामान्य माणसाचे गाऱ्हाणे संगणकाच्या तारेवरून थेट वरपर्यंत पोहोचू लागले. जमिनीचे उतारे संगणकावर आले आणि हाताने नक्कल मिळवण्यासाठी खेपा घालण्याचे दिवस सरले. ही लहान सुधारणा नव्हे. पण यंत्राबरोबर काही नव्या जबाबदाऱ्याही येतात.

पहिली जबाबदारी अक्षर टिकवण्याची. १९९६ साली मी एक लेखसंग्रह संगणकावर टंकित करवून फ्लॉपीवर जपून ठेवला. बारा वर्षांनी तो उघडला तेव्हा पडद्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांगोळी उमटली. कारण तेव्हाच्या पुष्कळ फाँटमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. तो फाँट नसला की मजकूर नाहीसा. माझ्या कपाटातील १७८० च्या आसपासचा मोडी कागद मला आजही वाचता येतो, आणि माझेच लेखन मला वाचता आले नाही! युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, म्हणून तेथे ही आपत्ती टळते. त्यातही एक मौज आहे. 'ज्ञ'ला तेथे स्वतंत्र क्रमांक नाही. ज, हलन्ताचे चिन्ह आणि ञ यांच्या संयोगाने ते होते, देवनागरीतही आणि गुजरातीतही. आपण सर्वांनी उच्चारात जे हरवले ते यंत्राने जपून ठेवले आहे. तेव्हा कचेरीत जुन्या फाँटमधील धारिका कुठे पडून असतील, तर त्या वेळीच युनिकोडमध्ये आणवून घ्या. पुढच्या पिढीचे दफ्तर आपल्या हातात आहे.

दुसरी जबाबदारी भाषांतराची. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला आणि यंत्राने क्षणात भाषांतर होऊ लागले. पण मध्यंतरी एका परिचितांनी मला घराच्या बांधकामाचा एक कागद दाखवला. मूळ गुजराती शब्द होता 'रजाचिठ्ठी', म्हणजे बांधकामाची परवानगी. यंत्राने मराठी केले होते 'सुट्टीची चिठ्ठी'. आपण हसलात, पण पुण्याच्या एखाद्या बँकेतील अधिकारी तो कागद वाचून हसणार नाही, कर्ज थांबवील. 'रजा' या शब्दात परवानगी आणि सुट्टी हे दोन्ही अर्थ आहेत, हे दोन्ही भाषा जगलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तलाटी, सातबारा, शेरा, ठराव हे शब्द आपल्याला दोन्हीकडे भेटतात. कोठे अर्थ जुळतो आणि कोठे निसटतो हे आपल्याला कळते. "वडोदऱ्यात नोकरी करणाऱ्याला मराठीचा उपयोग काय?" असे मला पालक विचारतात. हा उपयोग आहे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेले मूल शब्दाकडे सावधपणे पाहायला शिकते, आणि ही सावधगिरी अजून यंत्राला पुरती साधलेली नाही. अर्थात त्यासाठी दोन्ही भाषा नीट याव्या लागतात. दोन्ही अर्ध्या येऊन चालत नाही. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा मला आनंद आहे. पण तो दर्जा आपल्या मुलांच्या अर्जातील चार ओळींत दिसला तर अधिक आनंद होईल.

तिसरी जबाबदारी उत्तर देण्याची. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. प्रशासकीय निर्णयाची कारणे संबंधित व्यक्तींना कळवावीत, असे त्यातील चौथे कलम सांगते. धारिकेतील टिपणी हीसुद्धा माहितीच आहे, असा निर्णय केंद्रीय माहिती आयोगाने २००६ च्या जानेवारीत दिला. म्हणजे पूर्वी जी टिपणी फक्त साहेब वाचत, ती आता ज्याच्याविषयी आहे तोही वाचू शकतो. अनेकांना याची भीती वाटते. मला वाटते, ही लेखनाच्या शिक्षणाची सर्वांत मोठी संधी आहे. ज्याच्याविषयी लिहितो तो उद्या हे वाचणार आहे, असे समजून लिहिणारा माणूस 'योग्य ती पूर्तता करावी' असे मोघम लिहिणार नाही. काय कमी आहे, कोणता कागद चालेल, तो कोठे मिळेल, हे तो एकाच वेळी लिहील. संगणकावर तयार शेऱ्यांची यादी असते. त्यातील एक निवडून कळ दाबली की काम संपते. त्या कळीशेजारी एक ओळ लिहिण्याची जागा बहुधा असते. ती ओळ लिहा, एवढेच माझे आपल्याला सांगणे आहे.

शेवटी उन्नतीविषयी. २०२० च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी'ला मान्यता दिली आणि सेवकांना संगणकावर घरबसल्या अभ्यासक्रम उपलब्ध झाले. ते अवश्य करावेत. परंतु तरुण मित्र मला उघडपणे विचारतात, "चांगले लिहिल्याने बढती मिळते का?" मी खोटे सांगणार नाही. नेहमीच मिळते असे नाही. ज्येष्ठता असते, रिक्त जागा असतात, वरिष्ठांची मर्जी असते. माझे वडील सुंदर लिहीत. सदतीस वर्षांच्या नोकरीत ते हेड क्लार्कच्या पुढे गेले नाहीत, आणि त्याचे शल्य त्यांना होते. ते मी पाहिले आहे. पण निवृत्तीनंतरही लोक अर्ज घेऊन आमच्या ओट्यावर येत, आणि त्यांनी लिहून दिलेला अर्ज सहसा परत येत नसे. माझा विद्यार्थीही फार मोठ्या पदावर पोहोचला नाही. परंतु त्याची प्रत्येक सही त्याची स्वतःची होती. कोणत्याही टिपणीची प्रत कुणी मागितली तरी त्याला रात्री शांत झोप लागत असे, असे त्यानेच मला सांगितले. बढती सरकार देते. ही झोप सरकारला देता येत नाही.

शाळेला माझी एक विनंती आहे. सरांचा शनिवारचा तास पुन्हा सुरू करावा. आठवड्यातून एक अर्ज, एक उत्तर आणि एक टिपणी मुलांकडून लिहून घ्यावी. मराठीत, आणि तिचाच गुजराती मसुदाही. तार आता नाही, पण मोबाइलवरचा संदेश आहे. तो चार शब्दांत, तरीही पूर्ण अर्थाचा लिहायला शिकवावा. आणि जे माजी विद्यार्थी आज नोकरीत आहेत त्यांनी पाळीपाळीने येऊन हा तास घ्यावा. मला बोलवाल तर मीही येईन. ज्याला मी एकदा परत पाठवले, त्याचे ऋण फेडण्याची तेवढीच संधी माझ्यापाशी उरली आहे.

 सरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी माझे भाषण येथे पुरे करते.